‘जीएसटी येणे’ आहे, पण कुणाकडून?

गेल्या दोन-तीन महिन्यांत अनेक वाचकांनी बँकेने परत केलेले आपले प्रकल्प अहवाल आमच्याकडे पाठवले. सोबतच्या पत्रांचा सूर एकच आहे: शाखाधिकारी अडवणूक करतात, फाईल वाचतच नाहीत, आणि इकडे फ्रँचायझी देणारी कंपनी टोकनचे पैसे दाबून बसली आहे. तक्रारी खोट्या नाहीत. पण अहवाल वाचून झाल्यावर आम्हाला शाखाधिकाऱ्यापेक्षा अर्जदाराचाच अधिक राग आला. कुणाचा चहा-नाश्ता, कुणाची बिर्याणी, कुणाचा बर्गर. गावे निराळी, पण आतले एक्सेल एकच. एकाने तर गावाचे नाव बदलायचे कष्टही घेतले नव्हते. अर्ज सांगलीचा आणि बाजारपेठेचे वर्णन ठाण्याच्या स्टेशन रोडचे!

हे एक्सेल कुठून येते, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीचा विक्री प्रतिनिधी ते व्हॉट्सॲपवर पाठवतो, सीए त्यात नाव-पत्ता भरतात, डीएससीआर (हप्त्यासाठी उपलब्ध रक्कम भागिले हप्ता) दीडच्या वर येईपर्यंत विक्री वाढवत नेतात आणि शिक्का मारतात. वार्षिक वाढ दहा टक्के, पाचही वर्षे. हे सगळे नेहमीचेच. आज लिहायचे आहे ते एका ओळीबद्दल.

बहुतेक अहवालांत पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात, चालू मालमत्तेखाली, ‘जीएसटी येणे’ अशी ओळ आहे. फ्रँचायझी फी ५ लाख, त्यावर ९० हजार. फर्निचर आणि यंत्रसामग्री १८ लाख, त्यावर ३ लाख २४ हजार. एकूण ४ लाख १४ हजार ‘येणे’. हे कुणाकडून येणार आहे? रेस्टॉरंट सेवा ५ टक्क्यांत असते ती इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेण्याच्या अटीवर, आणि ही अट नोव्हेंबर २०१७ पासूनची आहे. म्हणजे हे ४ लाख १४ हजार येणे नसून सरळ सरळ खर्च आहे, आणि तो प्रकल्प खर्चात धरलेलाच नाही. एवढी रक्कम उभी करायला अर्जदार पुढे सोनाराकडे किंवा मेव्हण्याकडे जातो. (पॅकबंद मालाचे रिटेल दुकान असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वजावट मिळते. एक्सेल बहुधा तिथूनच उचललेले असावे.)

भांडवली खर्चाचे एक वेळ निभावता येईल. दरमहाचे बघा. विक्री ६ लाख धरू. रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे ३६ हजार, त्यावर १८ टक्क्यांनी ६,४८०. जाहिरात निधी २ टक्के, म्हणजे १२ हजार, त्यावर २,१६०. गाळ्याचे भाडे ७० हजार, त्यावर १२,६००. मालकाची नोंदणी नसली तरी सुटका नाही; १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा गाळ्याच्या भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने रिव्हर्स चार्जने भरायचा आहे. या तीनच ओळींचे महिन्याला २१,२४० होतात आणि वर्षाला २ लाख ५४ हजार ८८०. अहवालात यातला एक रुपयाही खर्चात दिसत नाही, कारण तोही ‘येणे’मध्ये ढकललेला असतो.

आता २० लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता साधारण ४३,५००, वर्षाला सव्वापाच लाखांच्या आसपास. कागदावर डीएससीआर दीड आहे, म्हणजे हप्त्यासाठी सुमारे ७ लाख ८३ हजार उपलब्ध दाखवले आहेत. त्यातून वरचे अडीच लाख वजा केले की दीडचा एक होतो. ६ लाखांतली २ लाखांची विक्री डिलिव्हरी ॲपवरून, कमिशन २५ टक्के, आणि त्या ५० हजारांवर पुन्हा १८ टक्के, म्हणजे महिन्याला आणखी ९ हजार. हेही ‘येणे’त गेले असेल तर डीएससीआर ०.८ वर आला. म्हणून ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांच्यापेक्षा, याच एक्सेलवर ज्यांचे मंजूर झाले त्यांचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. सीएचा शिक्का आणि बँकेची छाननी अशा दोन चाळण्यांतून ही ओळ अलगद खाली उतरते, याला काय म्हणावे?

खपाचे आकडेही तसेच. बाराही महिने सारखे! बिर्याणीच्या दुकानाला श्रावण नाही, कॉलेजसमोरच्या दुकानाला मे महिना नाही, भोसरीच्या एमआयडीसीतल्या नाश्ता सेंटरला गुरुवारची सुट्टी नाही. ज्या गाळ्यासाठी आपण घर तारण ठेवतो, त्याच्यासमोर एक आठवडा सकाळ-संध्याकाळ वही घेऊन उभे राहायला काय हरकत आहे? शेजारच्या दुकानात किती माणसे शिरली, कितींच्या हातात पार्सल होते, पाऊस पडला तेव्हा रस्त्यावर कोण उरले, हे लिहून आणा. अशी हाताने मोजलेली दोन पाने जोडलेला एकही अहवाल आम्हाला मिळालेला नाही.

बँकांनाही सोडायचे कारण नाही. बँक म्हणते, आधी कंपनीचा सही झालेला करार आणा. कंपनी म्हणते, आधी मंजुरीपत्र दाखवा. जागा पक्की करायला कंपनीला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स हवे, आणि गाळामालक डिपॉझिट हातात पडल्याशिवाय नोंदणीला यायला तयार नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. या फेऱ्यात अर्जदाराचे स्वतःचे मार्जिन मनी टोकन आणि डिपॉझिटमध्ये संपते, आणि मग तेच अधिकारी विचारतात, ‘तुमचा स्वनिधी कुठे आहे?’ सशर्त मंजुरीपत्र द्यायला शाखांना नेमकी कसली भीती वाटते, ते एकदा लेखी तरी कळवा.

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावरच चालते. अमेरिकेत कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी २३ कलमांचा खुलासा हातात द्यावा लागतो, आणि किती दुकाने बंद पडली, किती हस्तांतरित झाली, हे त्यात सांगावे लागते. इथे कायदा होईल तेव्हा होईल. पण टोकन देण्यापूर्वी बंद पडलेल्या दुकानांची यादी लेखी मागायला कुणी बंदी केलेली नाही. ‘गोपनीय आहे’ असे उत्तर मिळाले तर ते उत्तरही अहवालाला जोडा.

जे दुकाने चालवत आहेत, त्यांच्याकडे एक मागणे आहे. पहिल्या बारा महिन्यांचे खरे आकडे आम्हाला पाठवा: गल्ला, कच्चा माल, वाया गेलेला माल, पगार, वीजबिल, रॉयल्टी आणि वजावट न मिळालेला जीएसटी. तुमचे आणि कंपनीचे नाव काढून टाका. जिल्हा, गाळ्याचे क्षेत्रफळ आणि पदार्थ एवढेच असू द्या. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत आले तर त्यावरून नव्या अर्जदारासाठी कोष्टक बनवून पुढच्याच अंकात छापू. ज्यांनी दुकान बंद केले, त्यांनी लाजू नये. त्यांचे आकडे आम्हाला आधी हवेत.