ईदच्या बांगड्या आणि कारागिराची मजुरी

रमजानचे शेवटचे दहा रोजे सुरू झाले की नागपूरच्या मोमिनपुऱ्यात तरावीहनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. शेवया, अत्तर, टोप्यांच्या शेजारी बांगड्या, झुमके आणि पायलची दुकाने लागतात. चांदरातीपर्यंत गर्दी वाढतच जाते. दुकानदाराने मात्र हा माल आधीच भरलेला असतो. तो कसा निवडला, हा खरा प्रश्न आहे.

हस्तकलेच्या दागिन्यांसाठी नागपूरचे ठिकाण सोयीचे आहे. एका बाजूला बस्तरचे ढोकरा काम, दुसऱ्या बाजूला हैदराबादच्या लाखेच्या बांगड्या आणि राज्यातच कोल्हापूरजवळच्या हुपरीची चांदी. ढोकऱ्यात मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवतात, मेण वितळले की त्या जागी धातू ओततात आणि साचा फोडून वस्तू काढतात. म्हणून एकीसारखी दुसरी वस्तू होत नाही. लाखेची बांगडी आचेवर मऊ करून घडवतात, खडे एकेक करून बसवतात. हैदराबादच्या या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

यंत्राने काढलेला माल याच नावांनी खपवला, तर गिऱ्हाइकाला कळणार कसे? सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे. पण तो शुद्धता सांगतो. दागिना कोणी घडवला, त्याला काय मिळाले, हे सांगणारा शिक्का नाही. ते दुकानदारानेच सांगायला हवे.

चांदरातीला शंभर रुपये घेऊन आलेल्या मुलीला स्वस्त बांगडीच हवी असते, असे दुकानदार म्हणतील. ते खरेच आहे. ती बांगडीही जरूर विकावी, पण वेगळ्या ट्रेमध्ये आणि हस्तकलेचे नाव न लावता. हातकामाचे नग थोडे असले तरी चालतील. प्रत्येकावर गाव, कला आणि धातू लिहिलेला असावा. माल उचलतानाच कारागिराचे पैसे द्यावेत. ‘विकल्यावर देऊ’ या बोलीत दुकानाची सगळी जोखीम गरीब घरावर पडते.

याच महिन्यात अनेक व्यापारी जकातीचा हिशेब करतात. दुकानातल्या मालाची चालू भावाने किंमत धरतात, देणी वजा करतात आणि उरलेल्यावर अडीच टक्के काढतात. त्या देण्यांमध्ये कारागिरांची थकलेली मजुरी असेल, तर ती वजा करून थांबू नये, आधी चुकती करावी. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण सर्वांना ठाऊक आहे.

मोमिन ही विणकरांची ओळख. नागपूर-कामठीचे हातमाग यंत्रमागापुढे कसे थांबत गेले, हे इथल्या जुन्या घरांना सांगावे लागत नाही. पुढच्या ईदचा माल ठरवताना दुकानदारांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना तेवढे एकदा विचारावे.