कुलूप अडले म्हणून दार उखडायचे नसते



'परवानगी नाही' हे दोन शब्द आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस पिकवणाऱ्याला तो राज्याच्या सीमेपलीकडे नेऊन विकण्याची परवानगी नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उठली. तोवर आपल्या कांद्याला समुद्र ओलांडायची परवानगी नव्हती. त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर 'परमिशन डिनाइड' अशी पाटी झळकली की आपले डोके तापते आणि तोंडून एकच वाक्य निघते : "काढून टाका रे ती परवानगीची भानगड!"

राग समजण्यासारखा आहे. पण या वेळी तो चुकीच्या दारावर निघतो आहे आणि नुकसान आपलेच होते आहे. म्हणून जिल्हा बैठकीपुढे हा विषय मांडणे भाग पडले.

गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याची. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. आम्हीही त्या बैठकांना हजर होतो आणि माना डोलावत होतो. कांदा उत्पादकांनी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढली. कागदी पावत्या हरवतात, काटापट्टीवरून भांडणे होतात, म्हणून मोबाइल ॲप करून घेतले. कोणाच्या चाळीत किती क्विंटल कांदा आहे, कोणत्या दिवशी किती वजन भरले, हमाली-तोलाई किती कापली, पैसे कोणत्या बँक खात्यात गेले, सारे त्यात. एप्रिलच्या मध्याला ॲप सुरू झाले आणि महिनाभर झकास चालले. मेच्या मध्याला, उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या काट्यापुढे रांगेत उभ्या असताना, सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम तीच पाटी. वजन नोंदवता येईना, पावती निघेना.

ठेकेदाराला फोन गेला. पंधरा मिनिटांत ॲप चालू. सगळे खूश! बाबा रे, केलेस काय, असे एकानेही विचारले नाही. त्याने केले होते ते एवढेच : नियमाच्या जागी 'वाचायला आणि लिहायला सर्वांना मुभा' अशी एक ओळ टाकली होती. कुलूप अडले म्हणून दारच उखडून ओसरीवर उभे केले होते.

ऑगस्टमध्ये खरेदीदार गावात आले तेव्हा कोणाच्या चाळीत किती माल शिल्लक आहे हे त्यांना तोंडपाठ होते. "तुमचे अजून ऐंशी क्विंटल पडले आहेत, सडवण्यापेक्षा देऊन टाका." चाळीतला कांदा म्हणजे शेतकऱ्याच्या हातातले एकुलते एक हुकमाचे पान. ते समोरच्याला आधीच दिसले तर डाव मांडायचा कशाला? त्यांनी ते ॲपच्या दप्तरातून वाचले की गावात विचारून काढले, हे कोर्टात सिद्ध होणार नाही. पण वाचता येत होते, हे मात्र पुढे भर बैठकीत सिद्ध झाले.

ओरड झाल्यावर ठेकेदाराने दुसरी दुरुस्ती केली : आता फक्त लॉगिन केलेल्यांनाच दार उघडेल. सप्टेंबरच्या बैठकीत त्याने छाती ठोकून सांगितले की आता कडेकोट झाले. तेवढ्यात एका सभासदाची कॉलेजात शिकणारी मुलगी उठली. तिने चहा घेऊन आलेल्या पोराचा मोबाइल मागून घेतला. पोरगा सभासद नाही, त्याच्या घरी कांदा नाही. त्याच्या नंबरावर ओटीपी आला, लॉगिन झाले. ॲपच्या पडद्यावर त्याला काहीच दिसले नाही, ठेकेदार हसला. मग तिने तेच लॉगिन वापरून आपल्या लॅपटॉपवरून थेट दप्तरालाच विचारले. साऱ्या सभासदांचे चाळीतले साठे आणि बँक खात्यांचे क्रमांक पडद्यावर ओळीने उतरले. वर तिने बापाच्या नावावरच्या एका काटापट्टीत एक शून्य वाढवून दाखवले आणि लगेच पुसले. सभा चिडीचूप झाली.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच आपल्याला अडाणी ठरवून गप्प बसवले जाते. ॲपमधली माहिती मोबाइलमध्ये नसते. ती दूरच्या संगणकावरच्या दप्तरात असते. या कंपनीचे दप्तर गूगलच्या फायरबेसमधल्या फायरस्टोअरवर आहे. त्या दप्तराच्या दारावर नियमांचा कागद असतो : कोणी काय वाचावे, कोणी काय लिहावे. राखणदार तो कागद, ॲपचा पडदा नव्हे. पडद्यावरून बटण लपवले म्हणजे दप्तर सुरक्षित झाले असे मानणे म्हणजे बुजगावण्याला शिपाई समजणे. ॲपच्या पोटात दप्तराचा पत्ता असतोच, आणि तो काढणे जाणकाराला अवघड नाही.

आणि ती पाटी? पाटी एकच, पण रोग निरनिराळे. ठेकेदाराने नाडी न पाहता एकच जालीम औषध दिले.

पहिला रोग मुदतीचा. फायरस्टोअरचे दप्तर नव्याने उघडताना 'टेस्ट मोड' निवडला की ते तीस दिवस सर्वांना मोकळे असते. नियमातच तारीख लिहिलेली असते. ती उलटली की दार बंद. एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य, मोजा बरे दिवस. म्हणजे मेमध्ये कुलूप बिघडलेच नव्हते. तीस दिवस आपले दार सताड उघडे होते आणि कुलूप त्या दिवशी पहिल्यांदा लागले!

दुसरा रोग पोटवहीचा. फायरस्टोअरमध्ये सभासदाच्या पानाला परवानगी दिली म्हणून त्या पानाखालच्या काटापट्ट्यांच्या वहीला ती आपोआप मिळत नाही. तिचा नियम वेगळा लिहावा लागतो. फायरबेसचेच जुने दप्तर, रिअलटाइम डेटाबेस, याच्या उलट वागते : तिथे वर दिलेली परवानगी खालपर्यंत झिरपते आणि खाली ती काढून घेता येत नाही. एकाचा नियम उचलून दुसऱ्यावर चिकटवणारा कारागीर ओळखावा आणि दूर ठेवावा.

तिसरा रोग मागणीचा. नियम म्हणजे चाळणी नव्हे. 'प्रत्येकाने आपल्याच काटापट्ट्या वाचाव्यात' असा नियम असताना ॲपने 'सगळ्या काटापट्ट्या द्या' असे मागितले, तर दप्तर त्यातून आपल्या तेवढ्या निवडून देत नाही; सगळी मागणीच नाकारते. इथे नियम सैल करायचा नसतो, मागणी सुधारायची असते : 'माझ्या नावाच्या काटापट्ट्या द्या.'

चौथा रोग ओळखीचा. लॉगिन पुरे होण्याआधीच ॲपने मागणी केली तर दप्तराच्या लेखी मागणारा अनोळखी. किंवा एखाद्याला आजच काटेवाला नेमून तो अधिकार त्याच्या ओळखचिठ्ठीत नोंदवला, पण मोबाइलमध्ये चिठ्ठी जुनीच आहे. ती तासाभराची असते. नवी घेतली की काम होते. तासभर थांबण्याऐवजी दार उखडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

म्हणून पाटी दिसली की आधी विचारायचे : कोण मागत होता, कोणत्या वहीतले मागत होता, वाचायला की लिहायला? तिन्हींची उत्तरे मिळाली की त्या नेमक्या कामापुरता नियम लिहायचा, बाकी सारे बंद ठेवायचे, आणि आधी एम्युलेटरवर, म्हणजे आपल्याच संगणकावरच्या खोट्या दप्तरावर, तपासून मगच खऱ्या दारावर लावायचा. ही सोय फुकट मिळते. तपासताना सभासदाला मिळते का एवढेच पाहून भागत नाही. चहावाल्या पोराला मिळत नाही ना, हेही पाहावे लागते.

दोन फंद आणखी. सभासदाला स्वतःचे पान बदलायची मुभा आणि त्याच पानावर 'हा संचालक आहे' ही नोंद, असे एकत्र असले तर कोणीही स्वतःला संचालक करून घेईल. हजेरीपटावर मजुरानेच आपल्या नावापुढे मुकादम लिहिण्यातला हा प्रकार. दुसरा त्याहून मोठा. हे सारे नियम ॲपमधून येणाऱ्यांसाठी आहेत. सर्व्हरची चावी ज्याच्याकडे, त्याला एकही नियम आडवा येत नाही. ती कोणाकडे आहे? या कंपनीत ती ठेकेदाराच्या लॅपटॉपवर होती आणि दप्तराचे खातेही त्याच्याच ईमेलवर. आमच्या घामाचा हिशेब आणि किल्ली परक्याच्या कमरेला!

आता आक्षेप. आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, "आपण परवाना-परमिटच्या विरुद्ध आयुष्यभर लढलो, आता आपणच परवानगीची तरफदारी करायची?" भाऊ, फरक पाहा. माल माझा आणि परवानगी दुसऱ्याची, हे आपल्याला नको होते आणि आजही नको. इथे माल माझा आहे आणि परवानगी मी देणार आहे. बाजार खुला हवा असे म्हणणाऱ्याने घराला दार लावू नये असे कोणी ठरवले? व्यापारी आपली खरेदीची वही चव्हाट्यावर टांगतो काय?

काही संचालक म्हणतात, "आपल्या आडगावचे दप्तर कोण बघायला येतो?" उघडी दप्तरे हुडकायला माणसाने यावे लागत नाही, संगणक ती हुडकतात. २०१८ मध्ये ॲपथॉरिटी या संस्थेने तपासणी केली तेव्हा फायरबेसची उघडी दप्तरे असलेली तीन हजारांहून जास्त ॲप निघाली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'टी' नावाच्या, खास बायकांच्या सुरक्षेसाठी काढलेल्या ॲपमधून सुमारे ७२ हजार चित्रे बाहेर फुटली. त्यात सुमारे १३ हजार स्वतःचे फोटो आणि ओळखपत्रे होती. तीही फायरबेसच्याच उघड्या कोठारातून. सुरक्षेचे नाव घेणाऱ्यांची ही गत, तर आपली काय कथा?

आणि काही म्हणतात, "कायदा आहे ना." आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. चाळीतला साठा उघडा पडल्यामुळे क्विंटलमागे जो भाव गेला, तो कोणताही कायदा आपल्या हातात परत आणून देणार नाही.

त्या कंपनीत पुढे काय झाले? घाबरून ठेकेदाराने सगळेच बंद केले आणि पुन्हा सर्वांच्या मोबाइलवर तीच पाटी. मग मात्र सभासद बसले. फळ्यावर खडूने लिहिले : सभासद आपले पान आणि आपल्या काटापट्ट्या वाचेल, दुसऱ्याच्या नाही. काटेवाला नवी काटापट्टी लिहील. जुनी बदलणार नाही, पुसणार नाही. हिशेबनीस बँक खाते पाहील. काटेवाला पाहणार नाही. संचालक गावाची बेरीज पाहतील. एकेकाची चाळ नाही. दीड तास लागला. त्या मुलीने दोन रात्री बसून तेच संगणकाच्या भाषेत उतरवले. पाटी गेली, आणि दारही जागेवर राहिले. दीड तास आधी बसलो असतो तर ऑगस्टचा भाव आपल्या हातात असता.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. एक, ज्या ज्या उत्पादक कंपनीचे किंवा गटाचे ॲप आहे, त्यांनी कोणी काय वाचावे-लिहावे हे सभेत मराठीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. ठेकेदाराने त्याप्रमाणे नियम लिहावेत. दोन, दप्तराचे खाते आणि सर्व्हरची चावी कंपनीच्या नावावर घ्यावी. तीन, नियमात बदल करायचा तर काय बदलले ते दोन संचालकांना लेखी कळवल्याशिवाय करू नये, ट्रॉल्या रांगेत उभ्या असल्या तरी. त्या दिवसापुरते कागदी पावतीपुस्तक काट्यावर ठेवावे. चार, दर तिमाहीला सभासद नसलेल्या माणसाच्या लॉगिनने दप्तर उघडते का, याची बैठकीतच परीक्षा घ्यावी.

बैठकीला येताना आपापल्या ठेकेदाराला एक प्रश्न विचारून या : आमच्या दारावर आज काय लिहिले आहे? त्याने उत्तर टाळले, तर दार उघडे आहे असे समजा.