मोटर फिरली, एवढ्याने भागत नाही

ज्या तालुक्यात समुद्राचा खारा वारा बिजागरीपासून दिव्याच्या खांबापर्यंत कोणत्याही लोखंडाची गय करीत नाही, जेथे मिठागरांच्या शेजारी जवाहरलाल नेहरू बंदराच्या आश्रयाने कंटेनरांची विस्तीर्ण आवारे उभी राहिली आहेत आणि जेथे धुण्यापुसण्याची कामे झाडू-बादलीकडून विजेच्या यंत्रांकडे चालली आहेत, त्या उरणात यंत्राच्या मालकाच्या मनात एक समज फार दृढ झालेला आढळतो : बटण दाबल्यावर मोटर फिरली, म्हणजे जोडणी बरोबर आहे. हा समज खोटा आहे. आणि ओली नळी हातात धरणाऱ्याच्या जिवाशी त्याची गाठ असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या घरी येणारा २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो, म्हणजे शंभर वेळा दिशा पालटतो. मग त्यात सुलट-उलट ते काय, अशी शंका सुज्ञ माणसालाही येते. तिचे उत्तर असे की, दोन तारांपैकी न्यूट्रल ही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीशी बांधलेली असते आणि फेज नसते, म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला भय आहे ते फेजचे. मोटरला मात्र हा भेद कळत नाही. व्हॅक्युम क्लीनरच्या कार्बन ब्रशच्या मोटरीत आर्मेचर आणि फील्डचे वेटोळे एकाच माळेत ओवलेले असल्याने तारा उलटल्या तरी दोहोंतील प्रवाह एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. कंडेन्सर लावलेल्या सिंगल फेज मोटरीचेही तसेच, तिची दिशा बदलायची तर स्टार्टिंग आणि मुख्य यांपैकी एकाच वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल करावी लागतात. सारांश, चूक झालेली असूनही यंत्र तक्रारीचा चकार शब्द काढीत नाही.

परंतु पुष्कळ यंत्रांतील बटण एकच तार तोडते, आणि ती तार फेजची असावी, असे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. सॉकेटात फेज आणि न्यूट्रल यांची जागा बदललेली असली, तर बटण बंद केल्यावर मोटर थांबते खरी, पण तिचे सारे वाइंडिंग, ब्रश आणि आतल्या तारा २३० व्होल्टवर तशाच जिवंत राहतात. आणि 'बंद आहे' या विश्वासाने जो कामगार झाकण उघडून ब्रश बदलू लागतो किंवा ओल्या फडक्याने आत साचलेला गाळ पुसू लागतो, त्याच्या विश्वासाचा घात होतो. यंत्रातला फ्यूज न्यूट्रलमध्ये गेला असला, तर फेजची तार धातूच्या अंगाला लागूनही तो वितळत नाही, कारण जमिनीकडे निघालेला प्रवाह त्याच्या वाटेने जातच नाही. म्हणून पिन उपसल्यावाचून यंत्राला हात लावू नये.

थ्री फेज मोटरीची गोष्ट निराळी. तिच्या कोणत्याही दोन फेज अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, आणि उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी देतो, पण तुटपुंजे. मालक जाळी साफ करीत बसतो, तारांचा संशय त्याला येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात धन-ऋण उलटल्यास नियंत्रणाचा महागडा सर्किट बोर्डच जळून जाण्याची भीती असते.

रंगांनी तर गोंधळात भरच घातली आहे. थ्री फेजच्या पक्क्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा या तीन फेज आणि काळा न्यूट्रल. उलट यंत्राच्या लवचीक दोरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. एका ठिकाणी जो निळा निरुपद्रवी, तोच दुसऱ्या ठिकाणी मारक! एक्स्टेंशन बोर्ड घाईघाईने जोडून देणाऱ्या हाताला हा फरक ठाऊक असेलच, अशी खात्री कोण देईल? त्यात खाऱ्या हवेने अर्थिंगचा सांधा आतून खाल्लेला असला, म्हणजे शेवटचा आधारही गेला. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवणे यासाठीच आवश्यक. हजार वॉटच्या यंत्राला लागणाऱ्या प्रवाहाच्या शतांशाहूनही कमी गळतीवर तो पुरवठा तोडतो.

वायूवरचे वीजकेंद्र ज्या उरणात आहे आणि ज्याच्या घारापुरी बेटावर २०१८ साली समुद्रतळातून केबल टाकून वीज नेण्यात आली, तेथे वीज पोहोचवण्याचे अवघड काम सरकारने केले आहे. मीटरच्या पुढची जबाबदारी मात्र मालकाची, आणि ती झाडणाऱ्या-धुणाऱ्या कामगाराच्या गळ्यात घालणे मला अन्यायाचे वाटते. ज्या आवाराने, शाळेने वा उपाहारगृहाने असे यंत्र घेतले असेल, त्याने पहिल्या दिवसापूर्वी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेट तपासून घ्यावे : समोरून पाहता मोठे भोक वर अर्थचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे, टेस्टर उजवीकडेच लागला पाहिजे. अर्थिंगची तपासणी वेगळी करावी, कारण टेस्टरला ती कळत नाही, आणि पावसाळ्यापूर्वी ती दरवर्षी पुन्हा व्हावी. नगरपरिषदेने सफाईचा मक्ता देताना ही अट करारात घालावी, आणि नोंदवहीत तारीख व वायरमनची सही दाखवल्याखेरीज मक्तेदाराचे पहिले बिल मंजूर करू नये.