चासी तीच हवी

१९४४ मध्ये उद्योजक वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. असा जुना गंजलेला ट्रक किंवा पिकअप दिसला, की हल्ली केबिन उचलून नव्या गाडीच्या चासीवर बसवण्याचा मोह होतो. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन सगळं आजचं. प्रवास निर्धोक होतो, हे खरंच. पण आपल्याकडे गाडीची ओळख चासी नंबरात असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांतही चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणत नाहीत. मला ते पटतं. गंज खरवडा, तडे वेल्डिंगने सांधा, पाटे बदला; पण चासी शेवटपर्यंत टाकू नका.