फिकट चित्रफीत आणि मोजपट्टीचा इतिहास

जुन्या चित्रपटाची डिजिटल प्रत पाहून ‘ही फीत पार फिकी पडली आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने, मित्रहो, आधी एक प्रश्न विचारायला हवा : हा उजेड कोणत्या वक्रतेने नोंदवला आहे? हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोकळे होता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘गॅमा’ ही संज्ञा छायाचित्रणात रुजली ती इंग्लंडमधील विडनेस या रसायननगरीतून. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी प्रमाणित मेणबत्तीसमोर खाचांची चकती फिरवून काचपट्टीला प्रकाशाच्या चढत्या मात्रा दिल्या, प्रत्येक मात्रेने किती काळिमा उमटला ते मोजले आणि १८९० साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या आलेखातील सरळ भागाचा चढ म्हणजे गॅमा.

दूरचित्रवाणीत हाच शब्द निराळ्या कारणाने आला. पिक्चर ट्यूबचा उजेड विद्युतदाबाच्या सुमारे अडीचाव्या घाताने वाढे. प्रत्येक घरच्या संचात दुरुस्तीचे मंडल बसवण्यापेक्षा उलटी वक्रता कॅमेऱ्यातच घालणे स्वस्त पडले. ट्यूब गेली; वक्रता मात्र राहिली. वेव्हफॉर्म मॉनिटरवरचे ‘आयआरई’ हे एककही असेच मागे उरलेले. ते ज्या इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सचे नाव सांगते, ती संस्था १९६३ सालीच दुसऱ्या संस्थेत विलीन झाली.

हा मॉनिटर सिग्नल मोजतो, दृश्यातला उजेड नव्हे. ९० टक्के प्रकाश परावर्तित करणारा पांढरा कागद ‘रेक ७०९’ या प्रमाण वक्रतेत सुमारे ९५ वर दिसतो, तर सोनीच्या ‘एस-लॉग ३’मध्ये ६१ वर. गंमत अशी की १८ टक्क्यांचा राखाडी रंग दोन्हींत ४१ वरच येतो, त्यामुळे एकच ठिपका तपासणारा हमखास फसतो. ६१ पाहून ‘प्रकाश कमी पडला’ असे समजून कागद ९५ पर्यंत चढवू गेल्यास जवळपास चौदा पट, म्हणजे चार स्टॉपना थोडा कमी, इतका जादा प्रकाश घ्यावा लागतो. मग आकाशातले ढग कायमचे गेलेच.

उपाय विडनेसच्याच वळणाचा आहे. ज्ञात परावर्तनाच्या राखाडी पायऱ्यांचा तक्ता एकसारख्या प्रकाशात चित्रित करावा, प्रत्येक पायरी मॉनिटरवर कुठे उमटते ते टिपावे, आणि त्या विशिष्ट कॅमेऱ्यासाठी मोजपट्टीवर नवे आकडे लिहावेत. नुसत्या टक्क्यांवर विसंबणे मला आळशीपणाचे वाटते.

हीच गत जुन्या फितींच्या स्कॅनची. कोडॅकच्या ‘सिनिऑन’ पद्धतीत काळा ९५ वर आणि पांढरा ६८५ वर धरला जातो, तोही १०२३ पर्यंतच्या पट्टीत. अशी फाइल साध्या व्हिडिओप्रमाणे उघडली की ती धुरकट दिसणारच. त्या धुरकटपणाला काळाचा परिणाम समजून कोणी ‘जीर्णोद्धार’ करू लागला, तर मूळ छायालेखकाने जपलेल्या सावल्यांचा बळी जातो, आणि पुढचा अभ्यासक त्या बिघडलेल्या प्रतीलाच पुरावा मानतो.

ताम्रपटाचे वाचन छापताना आपण लिपी नोंदवतोच. डिजिटल प्रतीसोबत वक्रतेचे नाव आणि राखाडी तक्त्याची चौकट जोडणे तितकेच अनिवार्य असावे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा अन्यत्र एखादी प्रत अभ्यासायला मिळाली, तर ही नोंद अवश्य मागा.