स्पॉन्सर आणि बाप



बायको-मुलांना अमिरातीत आणले की कागदोपत्री आपली एक नवी ओळख तयार होते, 'स्पॉन्सर'. मुलांच्या व्हिसाच्या अर्जात बापाचा पगार, बापाची नोकरी, बापाच्या नावावरचा भाडेकरार. कागदापुरते हे ठीक आहे. पण घरातही आपण तेवढेच उरत चाललो आहोत का, हा प्रश्न मला सतावतो.

शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांचा दिवस आपल्याला ठाऊक आहे. सकाळी साडेसहाच्या आत निघालो नाही तर अल इत्तिहाद रोडवर अडकलोच. संध्याकाळी तीच रांग, उलट्या दिशेने. भारतातले ऑफिस दीड तास पुढे, त्यामुळे तिकडचे फोन आपला चहा व्हायच्या आत सुरू. 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे कामाची मर्यादा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास आहे. प्रवास त्यात सहसा धरत नाहीत. सहा दिवसांच्या आठवड्यात रोज सव्वा तास जादा थांबले की आकडा 55 च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये दाखवून दिले की, आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा 'तोल सांभाळा' हा सल्ला हौसेचा नाही.

प्रश्न आहे तो कसा सांभाळायचा हा. पहाटे उठा, ध्यान करा, जिमला जा, हे सल्ले वाईट नाहीत. पण बाबा साडेपाचला जिममध्ये असताना मुलांना उठवून, डबे भरून, स्कूल बसपर्यंत कोण सोडते? भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष 21.4 टक्के. जे करतात त्यांचाही वेळ स्त्रियांचा दिवसाला 140 मिनिटे, पुरुषांचा 74. हीच सवय घेऊन आपण विमानात बसलो. फरक एवढाच की इथे हाताशी आजी नाही, शेजारच्या काकू नाहीत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली शिकलीसवरलेली बाई नोकरी सोडून घरात अडकते, आणि बापाचा तोल तिच्या वेळेवर सांभाळला जातो. म्हणून सवयीची माझी कसोटी साधी आहे: तिच्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाचा भार हलका होतो का?

या कसोटीला उतरलेल्या चार सवयी सांगतो.

एक, रोजचे एक काम पूर्णपणे आपले. आमच्याकडे डबे माझ्याकडे आहेत. 'काय करू ते सांग' असे विचारायचे नाही. भाजी आहे का, कणीक संपली का, हे लक्षात ठेवणेही माझेच. डोक्यातला भार उतरला नाही तर ती नुसती मदत होते, वाटणी नव्हे.

दोन, ऑफिसचा शेवटचा फोन पार्किंगमध्येच संपवायचा. कानाला फोन लावून घरात शिरायचे नाही आणि जेवण होईपर्यंत तो पिशवीतून काढायचा नाही.

तीन, मुलांबरोबर वीस मिनिटे चालणे. उन्हाळ्यात मॉलमध्ये, थंडीत खाली बागेत. 'अभ्यास झाला का' हा प्रश्न बंद, बोलणे मराठीत. बापाचे पाय मोकळे होतात, मुलाचे तोंड मोकळे होते आणि आईला वीस मिनिटे स्वतःची मिळतात.

चार, रात्री दहा मिनिटे दोघांनी मिळून उद्याची आखणी. व्हिसा कधी संपतो, विमा कुठला, बँकेत किती, हे दोघांनाही माहीत हवे. सगळे एकट्या स्पॉन्सरच्या डोक्यात असले की त्याला झोप लागत नाही आणि बायको अंधारात राहते.

कोणी म्हणेल, साहेबापुढे हे कसे चालणार? नोकरी गेली की अख्ख्या कुटुंबाचा व्हिसा धोक्यात येतो. ही भीती खरी आहे, म्हणूनच वरच्या सवयी अशा निवडल्या आहेत की बहुतेक दिवशी त्यांना साहेबाची परवानगी लागू नये. पण जो हक्क आहे तो जरूर घ्यावा. खाजगी नोकरीतल्या बापालाही मूल झाल्यावर सहा महिन्यांच्या आत 5 दिवसांची पगारी रजा 2020 पासून मिळते. ती मागायला लाजायचे कारण नाही.

आणि आपल्यातले कितीतरी जण स्वतःच साहेब आहेत! संध्याकाळी सहानंतर मीटिंग ठेवणारा आणि रजेच्या अर्जावर भुवया उंचावणारा पुष्कळदा आपलाच माणूस असतो. आपल्या हाताखाली असेही बाप आहेत ज्यांना स्पॉन्सर होणेच परवडत नाही. 2019 च्या नियमाप्रमाणे कुटुंब आणायला महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय लागते. साइटवरच्या माणसाची बस रात्री आठला कॅम्पवर पोचते, तेव्हा त्याच्या गावी साडेनऊ वाजलेले असतात आणि पोर झोपलेले असते. दुपारी साडेचारला त्याला दहा मिनिटे फोनसाठी दिली, तर गावी सहा वाजलेले असतात आणि मूल शाळेतून आलेले असते. त्या दहा मिनिटांनी कुठला प्रकल्प रखडणार आहे? ही सवय साहेबांनी लावून घ्यायची आहे.

चारही सवयी एकदम धरू नका. त्या आठवड्यात सुटतील. येत्या सोमवारपासून एक काम उचला आणि महिनाभर सोडू नका. मग फरक पडला का, हे बायकोला आणि मुलांना विचारा. या परीक्षेत आपले गुण आपणच द्यायचे नसतात.