लॉगला लगाम हवा!

‘लॉग’ म्हटलं की आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना आधी लॉग टेबल आठवतं. पण इथला लॉग वेगळा. प्रोग्राम चालताना काय काय घडलं याची तो स्वतः लिहीत जातो ती नोंद म्हणजे लॉग फाइल. आपल्या ठाकुर्लीत पूर्वी रेल्वेचं पॉवर हाऊस होतं. अशा ठिकाणी ड्युटीवरचा माणूस ठरल्या वेळी मीटरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवतो. रजिस्टर भरलं की कपाटातून नवं काढायचं. एम्बेडेड बोर्डाकडे असं कपाट नसतं, तिथेच सगळा घोळ!

साधा हिशोब बघा. होस्टेलच्या टाकीतली पातळी मोजणारा लिनक्स बोर्ड दर सेकंदाला १०० बाइट्सची एक ओळ लिहितो असं धरू. दिवसाला ८६,४०० ओळी, म्हणजे ८.६४ एमबी. फ्लॅशमध्ये १०० एमबी मोकळे असतील तर बाराव्या दिवशी जागा संपणार. मग तेरावं घालायला आपण मोकळे! आणि बोर्ड का बंद पडला हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळीच लिहिल्या जात नाहीत. पण आपली व्हायवा वीस मिनिटांत आटोपते. प्रोजेक्ट ‘वर्किंग’ ठरतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे शेल स्क्रिप्ट. क्रॉन दर दहा मिनिटांनी ती चालवतो आणि फाइल १ एमबीच्या वर गेली की ती उडवतो. यात दोन गोच्या आहेत. एक, प्रोग्रामने फाइल उघडी धरली असेल तर नुसतं नाव जातं, जागा सुटत नाही. त्यापेक्षा शेवटच्या काही ओळी बाजूला काढून मूळ फाइल रिकामी करावी. दुसरी गोची मोठी. सेन्सर बिघडला की प्रोग्राम एररचा पाऊस पाडतो. सेकंदाला २,००० ओळी पडल्या तर दहा मिनिटांत १२० एमबी! स्क्रिप्टला जाग येईपर्यंत सगळं बुडालेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मर्यादा लिहिणाऱ्यालाच घालावी. बिझीबॉक्सच्या सिसलॉगडीत ही सोय आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर २०० केबी झाले की तो नवी फाइल सुरू करतो आणि जुनी एकच ठेवतो. स्क्रिप्ट असू दे, पण राखणदार म्हणून.

आणि मुळात लिहावंच कमी! २०२१ मध्ये अमेरिकेत टेस्लाला सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या स्क्रीनमागची ८ जीबीची फ्लॅश मेमरी सतत लिहून लिहून झिजत होती. टाकीची पातळी बदलली तरच ओळ लिहिली तर काय बिघडतं?

सर-मॅडमना एकच विनंती. व्हायवात ‘चालतंय का?’ विचारता, तसं ‘फाइल भरली की काय होईल?’ हेही विचारा. सुरुवातीला आमचे दोन मार्क जातील, पण होस्टेलची टाकी तेराव्या दिवशीही भरेल!